अक्षरशत्रू लेखनिक

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या कचेरीत केवढी गर्दी उसळते, ते तुम्ही पाहिले असेल. शाळा सोडल्याचा दाखला हाती पडल्यावाचून पुढील प्रवेश पक्का होत नाही, आणि प्रवेशाची मुदत तर कोणासाठीही थांबत नाही. मी सोलापुरातील एका शाळेत मुख्याध्यापक होतो, त्या वेळची ही गोष्ट आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, शहराच्या पूर्व भागातील एक यंत्रमाग कामगार आपल्या मुलाचा दाखला नेण्यासाठी आला. मालकाकडून त्याने अर्ध्या दिवसाची रजा मागून घेतली होती. दुपारी दोनच्या आत सर्व कागद महाविद्यालयात पोहोचवावयाचे होते.

आमच्या कचेरीत आदल्याच दिवशी नवा संगणक आला होता. लेखनिकाने त्यावर दाखला तयार केला व छापण्याची आज्ञा दिली. प्रिंटर गुरगुरला, कागद बाहेर आला. परंतु त्यावर तळाची ओळच उमटली नव्हती. मुख्याध्यापकांची स्वाक्षरी आणि शाळेचा शिक्का यांची जागा याच ओळीत असते! चौकटीची खालची रेघही नाहीशी झाली होती. दुसरा कागद काढला, तिसरा काढला, तीच तऱ्हा. लेखनिक म्हणाला, "यंत्रच बिघडले आहे." त्याने प्रिंटरच्या पाठीवर दोन चापट्या मारून पाहिल्या. एक मीही मारली, हे कबूल करावयास हवे.

तो कामगार तिन्ही कागद शेजारी-शेजारी धरून पाहत होता. तो हळूच म्हणाला, "सर, माग बिघडला असता तर तीन वेळा तीन तऱ्हा झाल्या असत्या. चूक त्याच जागी पुन्हा पुन्हा येतीय, म्हणजे माग ठीक आहे. कार्ड चुकलंय."

त्याचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. ते कसे, हे समजण्यासाठी आधी त्याच्या मागाकडे वळले पाहिजे.

सोलापुरी चादरीवरील फुले, वेली, मोर तुम्ही लहानपणापासून पांघरत आला आहात. ही नक्षी विणणाऱ्या मागाच्या डोक्यावर जेकार्ड नावाची यंत्रणा बसविलेली असते. जोसेफ मारी जेकार्ड या फ्रेंच गृहस्थाने १८०४ साली ती सिद्ध केली. तिच्यात जाड पुठ्ठ्याची भोके पाडलेली कार्डे असतात व ती माळेसारखी एकमेकांस ओवलेली असतात. कार्डात जेथे भोक असेल तेथील सुई आत शिरते, तिचा आकडा जागेवर राहतो व त्याला बांधलेला उभा धागा वर उचलला जातो. जेथे भोक नसेल तेथील सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. मग त्या फटीतून आडवा धागा धावतो. एका कार्डाला एक आडवा धागा, या क्रमाने शेकडो कार्डे फिरली की मोर पूर्ण होतो. आता तर पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्याची जागा विजेच्या संदेशांनी घेतली आहे. तत्त्व मात्र तेच राहिले आहे. मागाला मोर ठाऊक नसतो. धागा उचल अथवा उचलू नकोस, एवढेच त्याला कळते.

प्रिंटरचेही नेमके असेच आहे. आपण त्याला लेखनिक समजतो. पण हा लेखनिक अक्षरशत्रू आहे! 'क' म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही. त्याला फक्त ठिपके कळतात. कचेरीतील साधारण लेसर प्रिंटर एका इंचाच्या लांबीत ६०० ठिपके देतो. नेहमीच्या ए-फोर कागदाची रुंदी २१० मिलिमीटर व लांबी २९७ मिलिमीटर असते. हिशेब केला तर आडव्या ओळीत सुमारे ४,९६० व उभ्या ओळीत सुमारे ७,०१६ ठिपक्यांच्या जागा होतात. म्हणजे एका पानावर जवळजवळ ३ कोटी ४८ लाख जागा. यांपैकी प्रत्येक जागी काळा ठिपका द्यावयाचा की नाही, याची आज्ञा कोणीतरी द्यावी लागते.

ती आज्ञा पाळण्याची रीत मोठी चतुर आहे. प्रिंटरच्या पोटात एक गुळगुळीत ढोल असतो. त्यावर आधी सर्वत्र विजेचा भार चढवितात. मग लेसरचा बारीक किरण ओळीमागून ओळ फिरतो आणि जेथे ठिपका हवा तेवढ्याच जागेवरील भार उतरवितो. टोनर नावाची काळी भुकटी त्याच जागांना चिकटते, तेथून कागदावर ओढली जाते आणि शेवटी सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेच्या रुळाखालून जाताना वितळून कागदाला बिलगते. नुकताच छापलेला कागद हाताला ऊबदार लागतो तो यामुळेच. भुकटी व विजेच्या भाराने छापण्याचा हा मार्ग चेस्टर कार्लसन या अमेरिकन संशोधकाने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्क शहरात प्रथम साधला. त्याला लेसरची जोड १९७० च्या सुमारास गॅरी स्टार्कवेदर यांनी दिली.

आता प्रश्न असा, की आपण संगणकावर लिहितो अक्षरे, आणि प्रिंटरला हवेत ठिपके. मग मध्ये दुभाषा कोण? या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. ही हाताने धरता येणारी वस्तू नव्हे. ती संगणकात बसविलेली एक आज्ञावली होय. प्रत्येक जातीच्या प्रिंटरची बोली थोडी निराळी असते. म्हणून नवा प्रिंटर जोडताना, अथवा जुन्या प्रिंटरला नवा संगणक जोडताना, नेमक्या त्याच प्रतिरूपाचा ड्रायव्हर बसवावा लागतो. प्रतिरूपाचे नाव व अंक यंत्रावरच छापलेले असतात. ते अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे. चुकीचा दुभाषा नेमला तर काय होते? यंत्र पानांमागून पाने ओकू लागते आणि प्रत्येक पानावर अर्थहीन चिन्हांची एखादी ओळ असते. अशा वेळी वायर हिसकण्यापेक्षा संगणकावरील रांग रद्द करावी.

रांग हा शब्द मी मुद्दाम वापरला. कचेरीत चार संगणक आणि एक प्रिंटर असतो; सर्वांच्या आज्ञा एकदम आल्या तर त्या एका यादीत उभ्या राहतात व क्रमाने पुढे सरकतात. पहिल्याच कामाला कागद मिळाला नाही, तर मागची सर्व कामे खोळंबतात. मनुष्य मात्र अधीर! कागद येत नाही असे पाहून तो बटण पुन्हा दाबतो, पुन्हा दाबतो; आणि अडथळा दूर होताच एकाच अर्जाच्या सात प्रती बाहेर पडतात. आणखी एक फसगत नेहमी होते. संगणकावर प्रिंटरांची जी यादी दिसते, तिच्यात कधी कधी कागदावर न छापता पीडीएफ नावाची फाईल बनविणारा एक नावापुरता प्रिंटरही असतो. तो निवडला गेला, तर आज्ञा पाळली जाते, पण कागद काही येत नाही. म्हणून आपल्या यंत्राचे नाव नेहमीचा प्रिंटर म्हणून नोंदवून ठेवावे आणि प्रथम एक चाचणी पान काढावे.

आमच्या दाखल्याचा घोटाळा मात्र याच्या पुढच्या पायरीवर होता. छापण्याच्या खिडकीत मी प्रथमच नीट डोकावलो, तेव्हा कागदाच्या मापापुढे ए-फोर नव्हे, तर लेटर असे लिहिलेले आढळले. लेटर हे अमेरिकेत चालणारे माप आहे. त्याची रुंदी २१६ मिलिमीटर व लांबी अवघी २७९ मिलिमीटर असते. पुष्कळदा नव्या संगणकात तेच माप आधीपासून भरलेले असते. आमच्या ट्रेमध्ये कागद होता ए-फोर. दाखलाही ए-फोरवर आखलेला. पण दुभाष्याला वाटले, कागद २७९ मिलिमीटरच लांब आहे. त्याने तेवढेच ठिपके मोजून दिले आणि उरलेली १८ मिलिमीटरची पट्टी कोरी सोडली. स्वाक्षरीची ओळ नेमकी त्या पट्टीत होती! काही प्रिंटर याहून शहाणे असतात. ते छापीतच नाहीत. लेटर कागद द्या, असे सांगत दिवा लुकलुकवीत बसतात, आणि लोक त्यांना बिघडलेले समजतात.

तात्पर्य, कागदाचे माप तीन ठिकाणी पाहावे लागते: मूळ लेखात, छापण्याच्या खिडकीत आणि ट्रेमध्ये. तिन्ही जुळली पाहिजेत. 'कागदात बसवा' असाही एक पर्याय असतो. तो लेख थोडा आक्रसून बसवितो. पत्रासाठी हे चालेल. परंतु भूमितीच्या प्रश्नपत्रिकेत ५ सेंटिमीटरची रेघ असेल आणि ती आक्रसून ४.७ सेंटिमीटर झाली, तर मुलांनी मोजावे काय? तेथे शंभर टक्के हेच प्रमाण ठेवावे.

ए-फोर या मापाविषयी येथे थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. ए-झिरो कागदाचे क्षेत्रफळ बरोबर १ चौरस मीटर असते. तो मध्ये दुमडला की ए-वन, तो दुमडला की ए-टू, आणि चौथ्या घडीला ए-फोर. म्हणजे ए-फोर हा चौरस मीटरचा सोळावा भाग झाला. प्रत्येक घडीनंतर लांबी-रुंदीचे गुणोत्तर तेच राहते, ही त्यातील खुबी आहे. जर्मनीने १९२२ साली हे माप ठरविले आणि पुढे बहुतेक जगाने ते स्वीकारले. बाजारातील साधा कागद चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा असतो; तेव्हा एका ए-फोर कागदाचे वजन किती, आणि ५०० कागदांच्या गठ्ठ्याचे किती, हे तुम्हीच काढून पाहा व वाण्याच्या काट्यावर ताडून घ्या.

कागद वाचविण्याचा उत्तम उपाय म्हणजे दोन्ही बाजूंनी छापणे. येथे प्रिंटर विचारतो, पान लांब कडेवरून उलटावयाचे की आखूड कडेवरून? पुष्कळ माणसे यापुढे गोंधळतात. उभ्या वहीचे पान आपण डावीकडे उलटतो, ते लांब कडेवरून. भिंतीवरील दिनदर्शिकेचे पान वर उलटतो, ते आखूड कडेवरून. पर्याय चुकला तर मागील मजकूर उलटा, डोके खाली पाय वर, असा छापला जातो. घरातील आडवी पोथी मात्र वर उलटूनही लांब कडेवरूनच उलटते. खात्री नसेल तर एक कागद आडवा धरून पाहा.

याचाच एक मनोरंजक प्रकार म्हणजे पुस्तिका. आठ पानांचे वर्गाचे मासिक काढावयाचे असेल, तर दोन कागद पुरतात. ते मध्ये दुमडून एकात एक घातले की झाले. पण मग पहिल्या कागदाच्या एका अंगावर पाने येतात ८ आणि १, मागे २ आणि ७; दुसऱ्या कागदावर ६ आणि ३, मागे ४ आणि ५. कोणत्याही अंगावरील दोन्ही अंकांची बेरीज ९ येते! पूर्वी छापखान्यातील माणसे ही जुळणी पाठ करीत. आता ड्रायव्हरमधील पुस्तिका हा पर्याय निवडला की ती आपोआप होते. येथे पान उलटण्यासाठी आखूड कड निवडावयाची, हे विसरू नये.

तीन पानांची प्रश्नपत्रिका चाळीस मुलांसाठी काढावयाची असेल, तर प्रतींची जुळणी हा पर्याय उपयोगी पडतो. तो निवडला तर १, २, ३, पुन्हा १, २, ३, असे संच बाहेर येतात. नाहीतर आधी पहिल्या पानाच्या चाळीस प्रती, मग दुसऱ्याच्या. आणि प्रश्नपत्रिकेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, काही प्रिंटरांत गुप्त छपाईची सोय असते. आज्ञा दिली तरी काम प्रिंटरच्या पोटात थांबून राहते आणि शिक्षकाने स्वतः तेथे जाऊन ठरावीक अंक दाबले, तरच कागद बाहेर येतो. परीक्षेच्या दिवसांत माझ्या मते याहून मोलाची सोय दुसरी नाही. शेजारच्या खोलीतील प्रिंटरच्या तबकात तासभर उघडी पडलेली प्रश्नपत्रिका मी पाहिली आहे.

आता त्या सकाळच्या दुसऱ्या संकटाकडे येतो. ते खरे तर पहिलेच होते. नव्या संगणकावर दाखल्याची जुनी फाईल उघडली, तेव्हा पडद्यावर मराठी अक्षरेच दिसेनात. विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम यांची खिचडी झाली होती! नाव होते आमच्या ग्रामदैवताचे, सिद्धेश्वर. सोलापुरात बहुधा प्रत्येक वर्गात या नावाचा एखादा मुलगा असतो. आणि दाखल्यावरील नावात एक काना इकडचा तिकडे झाला, तर पुढे वर्षानुवर्षे त्याची दुरुस्ती करीत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

हे का झाले? देवनागरीला यंत्रात बसविणे कधीच सोपे नव्हते. इंग्रजीत एकामागून एक अक्षर मांडले की शब्द झाला. आपल्या अक्षराला डोक्यावर मात्रा, पायाखाली उकार, पुढे-मागे वेलांट्या, शिवाय जोडाक्षरे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात इंग्रजी छापण्यास जेवढे निरनिराळे खिळे लागत, त्याच्या कितीतरी पट मराठीला लागत आणि जुळाऱ्याला मोठमोठ्या पेट्यांसमोर उभे राहून ते वेचावे लागत. लोकमान्य टिळकांनीही ही संख्या कमी करण्याच्या प्रश्नात लक्ष घातले होते. त्याही आधी, १८३१ साली, मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. दगडावर सबंध पान हाताने लिहावयाचे आणि त्याचा छाप घ्यावयाचा. तेथे खिळ्यांचा प्रश्नच नव्हता. जे लिहाल ते उमटेल. गंमत अशी, की आजचा प्रिंटर खिळ्यांच्या नव्हे, तर त्या दगडाच्याच वंशातला आहे. तोही सबंध पानाचे चित्र उमटवितो. म्हणूनच सोलापूरसारख्या शहरात, जेथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषांच्या शाळा आहेत, तेथे एकच यंत्र चारही लिप्या सारख्याच निष्ठेने छापते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, याचीही त्याला पर्वा नसते.

परंतु चित्र काढण्यापूर्वी ते कोणत्या वळणाने काढावे, हे संगणकाला ठाऊक असावे लागते. अक्षरांच्या त्या वळणांच्या संचाला फाँट म्हणतात. जुन्या काळी प्रत्येक कंपनीने आपापला मराठी फाँट बनविताना रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविले होते. कोणी एका जागी 'क' ठेवला, तर दुसऱ्याने तेथेच वेलांटी. तो विशिष्ट फाँट संगणकात असला तरच मजकूर मराठी दिसे. नसला तर खालची रोमन अक्षरे उघडी पडत. आमच्या नव्या संगणकात जुना फाँट नव्हता, एवढेच कारण. सुदैवाने जुन्या संगणकातील फाँटची फाईल लेखनिकाने पेनड्राइव्हवर घेतली होती. ती बसविताच सिद्धेश्वर पुन्हा सिद्धेश्वर झाला.

या अनागोंदीवरचा कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या व्यवस्थेत जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक दिला आहे. देवनागरीसाठी १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. 'क' चा क्रमांक २३२५, मग संगणक सोलापूरचा असो की लंडनचा. 'सिद्धेश्वर' हा शब्द त्यात दहा क्रमांकांनी साठविला जातो: स, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्त, ध, मात्रा, श, हलन्त, व, र. ऱ्हस्व वेलांटी आपण 'स' च्या आधी काढतो, पण बोलताना ती नंतर येते. संगणक तिला बोलण्याच्या क्रमानेच साठवितो आणि दाखविताना पुढे आणून बसवितो. दोन हलन्तांच्या जागी जोडाक्षरे बनविणे हेही त्याचेच काम. हे काम न जाणणारी एखादी आज्ञावली असली, तर क्रमांक बरोबर असूनही 'द्' आणि 'ध' सुटे पडतात, वेलांटी भलतीकडे जाते. फाँटच नसला तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी येतात. म्हणून दुसऱ्याच्या प्रिंटरवर छापण्यासाठी मराठी लेख न्यावयाचा असेल, तर तो आधी आपल्याच संगणकावर पीडीएफमध्ये करावा. त्या फाईलमध्ये फाँटची वळणे सामावून घेता येतात. मग ती तेथे असोत वा नसोत, पान आहे तसेच छापले जाते.

छापण्याआधी पान जसे येणार तसे पडद्यावर दाखविण्याची सोय प्रत्येक संगणकात असते. आमचा कापलेला तळ तेथे स्पष्ट दिसत होता. आम्ही तिन्ही वेळा ते न पाहताच बटण दाबले होते.

लेटरच्या जागी ए-फोर केले आणि चौथा कागद बाहेर आला. खालची रेघ, स्वाक्षरीची ओळ, शिक्क्याची जागा, सर्व काही त्यावर होते. मी सही केली, शिक्का मारला. त्या गृहस्थाने प्रथम मुलाचे नाव बोट ठेवून वाचले, मग जन्मतारीख, मग पुन्हा नाव. दाखला दुमडून तो खिशात ठेवणार, इतक्यात मी त्याला थांबविले. कारण टोनरची भुकटी शाईसारखी कागदात मुरत नाही, ती वरच बसलेली असते आणि घडीवर तिचे पापुद्रे सुटतात. लेखनिकाने एक प्लॅस्टिकची पिशवी शोधून दिली. घड्याळात तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. चुकलेले तीन कागद त्याने आमच्या टेबलावरून उचलून घेतले. मागची बाजू कोरी होती, धाकटीला गणिते करावयास होतील, म्हणाला. त्यांवर मुलाचे नाव व जन्मतारीख होती, म्हणून आम्हीही ते त्याच्याच स्वाधीन केले.